गांधार किती उतरवायचा

८ जानेवारी १९९५, रविवार

डोंबिवली. दामल्यांकडे तालीम. अ. नी नेहमीसारखी गिटार लावली, कुणाकडून स्वर न घेता. तिसऱ्या गाण्यानंतर दामल्यांनी अकॉर्डियन खाली ठेवलं आणि पाणी प्यायला म्हणून आत आले. त्यांच्या घरात बाईमाणूस नाही, पोहे मी परतत होते.

"वहिनी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"अरविंदाचा गांधार वर जातोय. दिवाळीपासून. तुमच्या कानाला लागत नाही?"

लागतो.

"मग तुम्ही सांगा त्याला. मी सांगितलं तर माझ्या अकॉर्डियनला नावं ठेवील. इतकी वर्षं तेच करतोय."

सांगते म्हणाले. पोह्यांत मीठ दोनदा पडलं. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी संपवले.

१० जानेवारी

सांगितलं नाही.

१३ जानेवारी

कॉलेजात अकरावीला भाषेचे अलंकार शिकवले. दुपारी घरी आले तेव्हा अ. तारा लावत होते. मी दारातच थांबले.

आधी सा. मग पंचम. मग तिसरी आणि सहावी तार, दोन्ही गांधाराच्या. डोळे मिटलेले, उजवा कान गिटारकडे. डावा कान कारखान्यातल्या प्रेसने केव्हाच अर्धा नेला. तार चढत जाते. बरोबर जागा येते, मला ती कळते. ते थांबत नाहीत. किंचित पुढे जातात. मग चेहऱ्यावर समाधान.

ते बघवत नाही असं लिहिणार होते. बघवतं. म्हणून तर सांगता येत नाही.

१५ जानेवारी

मी तंबोऱ्यापाशी बसून शिकले. तिथला गांधार पेटीतल्या गांधारापेक्षा खाली असतो. तो कुणी छेडत नाही, तारांतून आपोआप येतो. अ. गाणं शिकलेले नाहीत. त्यांनी लाकडाची फळी, चार तारा आणि पाइपाचा तुकडा घेऊन पहिली गिटार स्वतः केली, आणि तिच्यावर नेमका तोच गांधार धरला. मला बघायला आले तेव्हा ती बरोबर आणली होती.

बाबांना मी होकाराची वेगळी कारणं सांगितली.

२२ जानेवारी

हौसामावशी सुरमई घेऊन आली. टोपली दारात टेकली आणि आत वाकून बघायला लागली.

"बाय, कोन रडतंय गं?"

"कुणी नाही. हे वाजवतायत."

तिने गिटार पहिल्यांदाच नीट पाहिली. चार पाय, वर दहा तारा, खाली पेडल, गुडघ्यापाशी दांड्या. "शिवनाचं मशीन हाय होय?"

अ. आतून म्हणाले, "हो मावशी. ब्लाऊज शिवून देतो. कापड आणा."

"आनते. पन आवाज कमी कर आदी. माजा म्हावरा उठून बसंल."

दिवसभर अ. खुशीत. संध्याकाळी तेच वाक्य दामल्यांना फोनवर सांगितलं. दामले हसले असतील. मग काही वेळ अ. नुसतं "हं, हं" करत होते. वाटलं, दामले सांगतायत. तसं नव्हतं. माइकच्या स्टँडबद्दल चाललं होतं.

५ फेब्रुवारी

रविवार, माझ्या दिराचा, सुधीरचा, अमेरिकेहून फोन. ही गिटार त्यानेच आणून दिली, नऊ वर्षांपूर्वी. विमानतळावर पेटी उघडायला लावली होती तेव्हा तो अधिकाऱ्याला म्हणाला होता, टेबल आहे. ते टेबल अधिकाऱ्याने वाजवून बघितलं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तारा लावायचं एखादं यंत्र मिळतं का रे तिकडे?"

"मिळतं की वहिनी. स्ट्रोब ट्यूनर. एक चकती फिरते, तिच्यावर पट्टे. सूर बरोबर असला की पट्टे जागच्या जागी उभे. वर गेला तर उजवीकडे पळतात, खाली असला तर डावीकडे. एक सेंट चुकला तरी दिसतो."

"सेंट म्हणजे?"

"पेटीच्या पांढरीपासून शेजारच्या काळीपर्यंत जेवढं अंतर, त्याचा शंभरावा भाग. दादाला विचार, त्याला कळेल."

अ. पेपर वाचत होते. "कशाला यंत्र?"

"नव्या तारा बसवताना बरं पडेल."

खोटं. लहान.

"माझ्या कानाला यंत्र लागत नाही." पान उलटलं. मग पेपराच्या आडून, "चकती कशावर फिरते विचार. मोटर कुठली."

२६ फेब्रुवारी

सुधीरने माहितीपत्रकं पाठवली. अ. नी जेवणाच्या टेबलावर पसरली, चार दिवस उचलली नाहीत. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय.

यंत्रं दोन. एक जुनं, चकतीचं, एका शाळेच्या बँडने काढून टाकलेलं. आठ किलो. दुसरं नवीन, इलेक्ट्रॉनिक. त्यात फिरणारं काही नाही, बारीक दिव्यांचं कडं आहे. दिवे पळतात किंवा उभे राहतात.

अ. चा जीव चकतीत. "फिरणारी वस्तू बिघडली तर दिसते. दिव्याचं काय कळणार?"

५ मार्च

अ. सुधीरला फोनवर: "चकतीचा वेग विजेवर ठरत असेल तर उपयोग नाही. तिकडे साठ सायकल, इकडे पन्नास. आणि वर्तकनगरात संध्याकाळी किती, ते वीज मंडळालासुद्धा ठाऊक नसेल."

सुधीरला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी सांगतो म्हणाला.

१२ मार्च

सुधीर: चकतीचा वेग आतल्या आत ठरतो, विजेवर नाही. अ. : मग एकशेदहा व्होल्टचं काय? ट्रान्सफॉर्मर किती तापेल?

दामल्यांनी कुठून तरी एक सुईचा ट्यूनर आणून दिला. तळहाताएवढा, सेलवर चालणारा. हा इथेच मिळतो. अ. नी सहावी तार छेडली, वर गेलेलीच. सुई हलली, थरथरली आणि मधोमध येऊन बसली.

"बघ," अ. म्हणाले. मग जरा वेळाने तार मुद्दाम अजून चढवली. सुई तरी मधल्या पट्टीतच.

"ही सुई भिडस्त आहे," म्हणाले. "समोरच्याला वाईट वाटेल म्हणून मान हलवते. नको."

मी चहा टाकायला उठले.

९ एप्रिल

परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे. एका मुलीने लिहिलंय, 'कवी येथे गप्प राहून बोलतो.' तिला चांगले गुण दिले.

अ. चा दर रविवारी सुधीरला नवा प्रश्न. दिव्यांचं कडं उन्हात दिसतं का. दमट हवेचा परिणाम. गिटारची वायर थेट लागते की माइक लागतो. सुधीर बिचारा दर वेळी दुकानात विचारून येतो. आज म्हणाला, "वहिनी, दादाला यंत्र हवंय ना नक्की?"

अ. पलीकडच्या खोलीत होते. मी म्हटलं, "त्यांना निवडायला आवडतंय."

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. निवडणं संपलं की यंत्र येणार. यंत्र आलं की ते बोलणार. हे अ. ना कळत नसेल का?

२३ एप्रिल

अ. कानात सूं असा आवाज येतो म्हणाले. केव्हापासून? "आहे बरेच दिवस." पंखा बंद करून बघितला. तरी येतो.

६ मे

नौपाडा, कानाचे डॉक्टर. तरुण आहेत. त्यांनी दोन दात्यांचा स्टीलचा काटा गुडघ्यावर आपटला, आधी डाव्या कानाशी धरला, मग उजव्या.

"येतंय ऐकू?"

"डावीकडे कमी. उजवीकडे छान. हा दुसरा काटा कुठल्या सुराचा?"

"दुसरा कुठला?"

"आधीचा वरचा होता. हा खालचा."

"काका, काटा एकच आहे."

अ. नी हात पुढे केला. डॉक्टरांनी काटा दिला. अ. नी तो स्वतःच्या गुडघ्यावर आपटला. डावा कान. उजवा. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. डॉक्टर चांगले होते, घड्याळ बघितलं नाही. बाहेर माणसं खोकत होती.

ऑक्टोबरात ताप आला होता, त्यात कानाची नस दुखावली असेल म्हणाले. उजवा कान काही सूर, सगळे नाही, खाली उतरवून ऐकतोय.

"बरा होईल?"

"होतो कधीकधी. कधी नाही होत."

परतताना रिक्षात अ. बाहेर बघत होते. तीन हात नाक्याला सिग्नल लागला.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"दामले जानेवारीत बोलले. त्याच्या आधीपासून."

"हं."

सिग्नल सुटला. बऱ्याच पुढे आल्यावर म्हणाले, "दामल्याकडे पोहे खारट झाले होते. मी बोललो होतो का?"

७ मे

रविवार. सुधीरला दोन वाक्यांत सांगितलं: दिव्यांचं पाठव. चकतीचं नको.

चकतीत फक्त पियानोचे सूर आहेत, ठोकळ. नव्या यंत्रात प्रत्येक सूर हवा तेवढा खालीवर करून ठेवता येतो. एकदा गांधार उतरवून ठेवला की यंत्र तिथेच बरोबर म्हणणार.

"पियानोचा गांधार नको. आपला हवा," अ. म्हणाले.

"आपला किती खाली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. सव्वीस वर्षं तो गांधार या घरात आहे. मोजला कुणीच नव्हता.

२१ मे

मी म्हटलं, यंत्र येईपर्यंत मी सांगते कुठे थांबायचं. समोर बसले.

"चढवा. अजून. थांबा. नाही, जरा खाली."

"किती जरा?"

"जरा म्हणजे जरा."

"हे काय माप झालं?"

लागली शेवटी. वाजवून बघितली. चांगली वाजत होती. त्यांनी हात काढून घेतला.

"हा तुझा आहे."

"आपलाच की."

"नाही मालू. तुझा. मी तुझ्या घरात राहायला आल्यासारखं वाटतंय."

१६ जुलै

यंत्र आलं. सुधीरचे मित्र ठाण्याला आले होते, टेंभी नाक्यावर त्यांच्या बहिणीकडे. जाऊन घेऊन आलो. डब्याएवढं. पुढे काच, काचेमागे लाल दिव्यांचं कडं.

गिटारला लावायच्या आधी अ. नी नुसता माइक चालू ठेवून ते स्वयंपाकघरात ठेवलं. कुकरची शिट्टी: कोमल निषादाच्या थोडी वर. भांडी घासणाऱ्या सुनंदाने तांब्या आपटला, दिवे गरगरले. सुनंदा म्हणाली, "साहेब, यात स्टेशन कुठलं लागतं?"

सगळ्यांचं मोजून झालं. गिटारला आज लावलं नाही.

१८ जुलै

आज लावलं. अ. नी आधी कानाने तारा लावल्या, नेहमीसारख्या. मग वायर जोडली आणि सहावी तार छेडली.

दिवे उजवीकडे पळाले. भराभरा.

ते बघत राहिले. तार विझली तसे दिवेही विझले. पुन्हा छेडली. पुन्हा पळाले.

"हे भिडस्त नाही," म्हणाले.

३० जुलै

गांधार किती उतरवायचा हे कुठून काढायचं? पुस्तकातला आकडा आहे, सुधीरने विचारून कळवलाय. अ. ना तो नको. "पुस्तकवाल्याने माझी गिटार ऐकलीय का?"

मग मला कॅसेट आठवली. सत्याऐंशी सालचा डोंबिवलीचा कार्यक्रम. निवेदन मी केलं होतं. गाण्यांच्या मधे मी बोलते आहे आणि माझ्या बोलण्यामागे अ. तारा लावतायत. एकेक तार, सावकाश. त्या वेळी मी चिडले होते, जरा थांबता येत नाही का म्हणून.

अ. नी ऐकून घेतलं. "म्हणजे माझा मीच," म्हणाले. चष्मा काढून पुसला.

६ ऑगस्ट

टू-इन-वन टेबलावर. समोर यंत्र. माझा आवाज, 'रसिकहो', आणि मागे तार.

सा. दिवे डावीकडे.

पंचम. डावीकडे.

गांधार. डावीकडे, जास्त वेगाने.

गाणं सुरू झालं. त्यातही डावीकडे. कुठेच उभे राहिले नाहीत. अ. नी कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. तीनदा. मग बटण बंद केलं.

"म्हणजे मी तेव्हाही सुरात नव्हतो. सगळंच पडलेलं. सा सुद्धा."

"असं कसं होईल? मी तिथे होते."

"तू भिडस्त आहेस."

ते रागाने बोलले नाहीत. 

७ ऑगस्ट

गिटारवर चादर घातली.

९ ऑगस्ट

दुपारी अ. बाजारात गेले असताना कॅसेट लावली. यंत्र नाही, नुसती ऐकली.

माझा आवाज. सत्याऐंशीत मी शेहेचाळीस वर्षांची. या कॅसेटमधली बाई साठीची वाटते. जड, दमलेली. मी अशी बोलत नव्हते. आजही नाही.

पुन्हा लावली. 'रसिकहो' मोठ्याने कॅसेटबरोबर म्हणून बघितलं. माझं म्हणून होतं, ती मागे राहते.

टू-इन-वन हळू फिरतंय.

अ. आले, पिशव्या हातात होत्या. दारातच सांगितलं. ते पिशव्या घेऊन तसेच उभे. ज्या माणसाने तीन महिने चकतीच्या मोटरवर सुधीरला छळलं, त्याला टू-इन-वनची मोटर सुचली नव्हती. सुचू नये असंच वाटत असेल त्याला. वाईट निकाल एकदाचा हातात आला की माणूस तो उलटून बघत नाही.

"पट्टा ढिला झाला असेल," अ. म्हणाले. "सगळंच सारखं खाली येईल." मग, "पण किती खाली, ते कसं काढायचं?"

कोथिंबिरीची जुडी पिशवीतून वर आली होती. ती हातात घेऊन बसले. दोन मिनिटांनी: "दामले!"

कॅसेटमध्ये अकॉर्डियन आहे. अकॉर्डियन लावता येत नाही, तेव्हा होतं तिथेच आज असणार.

१३ ऑगस्ट

यंत्र, टू-इन-वन, कॅसेट घेऊन डोंबिवली. दामल्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अ. च्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग त्यांना जे बोलायचं होतं ते बोलले: "म्हणजे माझं अकॉर्डियन बरोबर होतं."

"ते आता कळेल," अ. म्हणाले.

दामल्यांनी सा दाबला. दिवे किंचित उजवीकडे.

"चार सेंट वर."

"यंत्र बिघडलंय तुझं."

"बरं. आता तोच सा कॅसेटमधला."

आकडे मी मांडले. कॅसेटमधलं अकॉर्डियन आजच्यापेक्षा अठ्ठावीस खाली. पट्ट्याची चूक तेवढी. कॅसेटमधला अ. चा गांधार पियानोच्या गांधारापेक्षा एक्केचाळीस खाली. त्यातून अठ्ठावीस वजा.

तेरा.

अ. नी विचारलं, "पुस्तकवाला काय म्हणत होता?"

"तेरा-चौदा."

 दामल्यांनी पोहे केले होते. फार वाईट. अ. नी दुसऱ्यांदा मागून घेतले.

२० ऑगस्ट

यंत्रात गांधार तेरा उतरवून ठेवला. अ. नी तिसरी तार त्यावर आणली. दिवे उभे. सहावी. दिवे उभे. इतके उभे की यंत्र बंद पडलंय असं वाटावं.

मग तिन्ही स्वर एकत्र छेडले.

मला किती महिन्यांनी ऐकू आला तो. खोलीभर. मी खिडकीचे गज धरून उभी होते.

"आहे?" अ. नी विचारलं.

"आहे."

"दिसतंय मला." ते दिव्यांकडे बघत होते. "ऐकू येत नाही. मला हा पडलेला ऐकू येतो, मालू. मी आता जेव्हा जेव्हा बरोबर वाजवीन, तेव्हा तेव्हा मला बेसूर ऐकू येणार."

सुनंदा लादी पुसत होती. "पाय उचला साहेब," म्हणाली. अ. नी पेडलवरचा पाय उचलला.

१० सप्टेंबर

दामल्यांकडे. कार्यक्रम ठरला, दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी. अ. नी हो म्हटलं नाही, नाहीही नाही.

तारा लावून झाल्या तरी पुढचं उरतंच. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवत न्यायची. कुठे थांबायचं ते कान सांगतो. यंत्र तेव्हा उपयोगी नाही. खाली रेघा काढलेल्या आहेत, अ. आता त्या रेघा बघून थांबतात. उजव्या कानात कापूस घालून बघितला. डाव्याने नुसतं सूं आणि त्यात लांब कुठे तरी गिटार.

आज सगळं सुरात होतं. निर्दोष. दामले म्हणाले, "सुरात आहे हो." एवढंच. पूर्वी डोळे मिटून मान हलवत असत, पुढची ओळ चुकत असत.

परतताना अ. : "टायपिंग चाललंय माझं."

१७ सप्टेंबर

आज अ. नी एकदा रेघ सोडली. मला वाटतं विसरून. दोन ओळी पूर्वीसारखं वाजवलं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, मधे रेंगाळत. किती सुंदर. आणि वर. चांगलाच वर.

थांबून माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा वाचता येतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

"कळलं," म्हणाले.

१ ऑक्टोबर

शेवटची तालीम. घरी आल्यावर अ. म्हणाले, "तू नेहमी मागच्या रांगेत बसतेस."

"तिथून नीट ऐकू येतं."

"या वेळी पुढे बस. डाव्या हाताला, मला दिसशील अशी. मी रेघा बघणार नाही. वर गेलो तर उजवीकडे बघ. खाली आलो तर डावीकडे. बरोबर असलो तर काही करायचं नाही. स्थिर बसायचं."

"मला नाही जमणार."

"काय नाही जमणार? बघणं?"

 त्यांना माहीत आहे काय जमणार नाही ते. सगळं वर्ष बघितलंय त्यांनी.

"आणि मान डोलवू नकोस," म्हणाले. "मला वाटेल दोन्हीकडे चुकलो."

५ ऑक्टोबर

घरी सराव. मी खुर्चीवर, समोर अ. उजवीकडे बघते, कांडी मागे सरकते. डावीकडे बघते, पुढे येते. हौसामावशी दारात उभी राहून बघत होती.

"भांडलाव काय गो? तो बगतंय, तू तोंड फिरवतंय."

८ ऑक्टोबर, रविवार

मध्यंतर. हॉलमध्येच लिहितेय. पहिली रांग, डावीकडून दुसरी खुर्ची.

पहिलं गाणं: एकदा उजवीकडे बघितलं. कांडी लगेच सरकली. शेजारच्या बाई उजवीकडे वळून बघायला लागल्या, कोण आलं म्हणून.

दुसरं: एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. बाकी स्थिर. हात मांडीखाली घेऊन बसले होते.

तिसरं, संथ. दामले थांबले, अ. एकटे. वरच्या गांधाराकडे निघाले, रेघांकडे न बघता, सावकाश घसरत, आणि थोडे पुढे जाऊन थांबले. वर होता. तेराचा नव्हता. दहाचा असेल, नऊचा. मला कळलं. आणि मला तो तिथेच हवासा वाटला. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. अ. नी माझ्याकडे बघितलं.

मी हलले नाही.

ते तिथेच राहिले. तार विझेपर्यंत. दामल्यांचे डोळे मिटलेले होते, पुढची ओळ घ्यायला त्यांना उशीर झाला.

मी भिडेने गप्प बसले की तो सूर बरोबर होता? दोन्ही वेळा चेहरा सारखाच दिसत असणार. अजून दुसरा भाग आहे. तोच गांधार शेवटच्या गाण्यातही आहे.

अ. विंगेतून खाली उतरतायत. मागे दामले, दोन्ही हातांत चहा. अ. सरळ माझ्याकडे येतायत. विचारणार.